सिबिलाच्या डोंगरापासून आल्फेआपर्यंत



मुलांच्या चित्रमालिकांतील पऱ्या व चेटकिणी हा विषय व्यासपीठाला शोभणारा नाही, असा आक्षेप काही स्नेह्यांनी घेतला, तो मला मान्य नाही. कारण ज्या कथांच्या आधारे मूल सज्जन कोण व दुर्जन कोण याचा पहिलावहिला निवाडा करते, त्यांची छाननी वडीलधाऱ्यांनी करावयाची नाही तर कोणी करावयाची?

प्रथम एक जुनी दंतकथा पाहू. इटलीच्या मार्के प्रांतात सिबिला नावाचा 2173 मीटर उंचीचा पर्वत आहे. त्याच्या गुहेत भविष्य जाणणारी एक राणी राहते, तिच्या पऱ्या रात्री गावांत उतरून धनगरांच्या पोरांबरोबर नाचतात, आणि पाय बकरीचे असल्यामुळे उजाडण्यापूर्वी परततात, अशी दंतकथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. धर्मपीठाच्या लेखी जी सैतानाची हस्तक, तीच डोंगरकरांच्या लेखी पोरीबाळींना सूतकताई शिकविणाऱ्या पऱ्यांची स्वामिनी. परी व चेटकीण यांची वाटणी त्या लोकमानसाने केलीच नव्हती.

ह्याच मुलखातील गुआल्दो येथे 1965 साली जन्मलेल्या इजिनियो स्त्राफ्फी यांची ‘विंक्स क्लब’ ही मालिका 28 जानेवारी 2004 रोजी इटालियन दूरचित्रवाणीवर सुरू झाली, आणि तीत मात्र ही वाटणी अगदी दफ्तरी शिस्तीने झालेली दिसते: पऱ्यांची शाळा आल्फेआ वेगळी, चेटकिणींची शाळा वेगळी, आणि वैर तर जणू प्रवेशाबरोबरच विद्यार्थिनींच्या नावे रुजू झालेले.

परंतु मालिकेतील मला सर्वांत मोलाचे वाटते ते ही वाटणी जेथे मोडते तेच. मिर्ता ही चेटकिणींच्या शाळेतील अबोल मुलगी. परीचा द्वेष का करावयाचा, हेच तिला उमगत नाही, आणि आयसी, डार्सी व स्टॉर्मी ह्या तेथील तिघी दुष्ट चेटकिणींच्या कारस्थानाला आड आल्याबद्दल तिचा भोपळा केला जातो. तो भोपळा आल्फेआत येतो, फ्लोरा नावाची परी मंत्रामागून मंत्र योजून पाहते, कित्येक प्रयत्न वाया जातात, तरी ती त्याचा नाद सोडीत नाही. आणि पूर्ववत झालेली मिर्ता पुढे परींच्याच शाळेत विद्यार्थिनी होते. परीपण जन्माने मिळते की निवडीने, हा बिकट प्रश्न येथे एकाही उपदेशपर वाक्याशिवाय मुलांपुढे येतो. पुढे त्या तिघींनी चेटकिणींची शाळाच बळकावली, तेव्हा मुख्याध्यापिका ग्रिफिन आपल्या विद्यार्थिनींसह आल्फेआच्या आश्रयाला येते, आणि तेथील मुख्याध्यापिका फारागोंडा त्यांना दार उघडते. हीच ग्रिफिन एके काळी वाल्टोर नावाच्या दुष्ट मांत्रिकाच्या पक्षात होती, हे तिसऱ्या पर्वात उघड होते. म्हणजे तिचे सौजन्यही कमावलेलेच!

माझी तक्रार आहे ती त्या तिघींविषयी. आरंभीच्या पर्वांत त्यांना सत्तालोभापलीकडे अंतःकरण म्हणून फारसे दिलेले नाही. त्या पर्वांमागून पर्वे जातात, तरी त्या होत्या तशाच. वेषभूषेचा बडेजाव मी क्षम्य मानतो, हे मात्र मानीत नाही. शिवाय आश्रयाला आलेल्या ज्या मुली त्या तिघींविरुद्धच्या युद्धात परींच्या खांद्याला खांदा लावून लढल्या, त्यांपैकी बहुतेकींना नावसुद्धा मिळू नये, आणि युद्ध संपताच त्यांनी निमूटपणे आपल्या जुन्या शाळेत परतावे, हे मला अन्यायाचे वाटते; मिर्ताला जे मिळाले ते त्यांतील आणखी दोघी-चौघींना मिळते, तर ही कथा कितीतरी थोर झाली असती.