सेकंद कोण मोजणार?

१६ फेब्रुवारी १९८० ची दुपार. आमचं गोंदिया दारं लावून बसलं होतं. अब्बा ग्रहणाच्या नमाजला मशिदीत गेलेले, शेजारच्या काकूंनी माठात तुळशीचं पान टाकलेलं. मी दाराच्या फटीतून पाहिलं, तर अंगणात कडुनिंबाच्या सावलीतला उजेडाचा एकेक ठिपका चंद्रकोरीसारखा झाला होता. आमच्याकडे ते खंडग्रासच होतं. खग्रासचा पट्टा दक्षिणेकडून, कारवार-रायचूरवरून गेला.

खग्रास पाहायचा योग आला तो २२ जुलै २००९ ला. आमचे एक स्टुडिओवाले मित्र महिनाभर आधीपासून कागद रंगवत होते. ते लग्नाचे फोटो काढणारे. पण लग्नात नवरदेवाला पुन्हा हार घालायला सांगता येतं, इथे तीनेक मिनिटांत सगळं संपणार. सूर्य पूर्ण झाकला की फिल्टर काढायचा. कडेच्या लाल ज्वाळांना सेकंदाचा हजारावा भाग पुरे, बाहेरच्या फिकट प्रभेला पूर्ण एक सेकंद. उजेड परतायच्या आत फिल्टर पुन्हा चढवायचा. केव्हा काय, ते ओरडून सांगायचं काम माझ्याकडे. "भाई, तुम्ही फक्त सेकंद मोजा. कविता नंतर करा."

बालाघाट, जबलपूर करत जीपने आम्ही कटनीच्या बाजूला गेलो. पावसाळी आभाळ. अंधार पश्चिमेकडून लोंढ्यासारखा आला, पाखरं एकदम गप्प झाली, आणि ढगांना क्षणभर भोक पडलं. काळा सूर्य, भोवती पांढरी झळाळी! मी घड्याळ विसरलो. मित्र बिचारे कॅमेऱ्यावर वाकून माझ्या आवाजाची वाट पाहत राहिले, मग अंदाजाने बटण दाबत सुटले. फिल्टर तसाच. सत्तावीस फोटो, सगळे काळे. बालाघाट येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्या अपराधी मनाने पुढे ग्रहणांविषयी वाचत गेलो, तेव्हा तळणी सापडली. धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधलं हे लहानसं स्टेशन. मुंबईला जाताना आमची विदर्भ एक्सप्रेस तिथून जाते, पण मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी इंग्लंडहून आलेल्या एका तुकडीने तिथे तळ दिला होता. तिकडे जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली यंत्रं लावून सज्ज होते. तळणीच्या तुकडीत ॲनी माँडर होत्या. लग्न झालं म्हणून ग्रीनिच वेधशाळेतली नोकरी सोडावी लागलेली ही गणिती बाई. स्वतःचा छोटा कॅमेरा, दीड इंची भिंग. मोठ्या दुर्बिणींच्या आवाक्यात न येणारी बाहेरची फिकट प्रभा टिपायची, एवढाच त्यांचा बेत. वेळ जेमतेम दोन मिनिटं. त्यांच्या काचेवर सूर्यापासून दूरवर गेलेला एक लांबच लांब किरण उमटला. तोवर कोणाच्याही फोटोत इतका लांब किरण आला नव्हता.

हे मी मित्रांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांच्याकडे मोजणारा माणूस चांगला असेल."

आता २० मार्च २०३४ ला कारगिलकडे खग्रास आहे. त्यांनी नवा कागद केलाय. सेकंद मोजायला मोबाइलमधला आवाज. माझ्या नावापुढे लिहिलंय, 'भाई : नुसतं पाहणे.'