बाबांच्या हिशोबातील राहिलेले देणे

(देवस्थानच्या अग्रशाळेतील खोलीला तीर्थरूप बाबांचे नाव देण्याच्या प्रसंगी केलेले भाषण)



श्रींच्या कृपेने व आपणां सर्वांच्या आपुलकीने आज अग्रशाळेतील या खोलीला आमच्या तीर्थरूप बाबांचे नाव लाभत आहे. याबद्दल आम्हां कुटुंबीयांच्या वतीने मी आपला ऋणी आहे. वडिलांविषयी मुलगा बोलू लागला म्हणजे गुणगौरव अधिक होण्याचा संभव असतो. बाबा हयात असते तर त्यांनी जमा आणि नावे या दोन्ही बाजू मांडायला सांगितल्या असत्या. तसाच प्रयत्न मी करणार आहे.

फोंड्याच्या बाजारात बाबांचे लहानसे किराणा दुकान होते. अग्रशाळेत भरणाऱ्या मराठी शाळेत जे शिकले तेवढेच त्यांचे शिक्षण. पहाटेचा चौघडा कानी पडण्यापूर्वी त्यांचे स्नान व देवपूजा आटोपलेली असे आणि रात्री कीर्द मिळाल्याखेरीज ते पानावर बसत नसत. एकत्र कुटुंबातील चौदा माणसांचा योगक्षेम त्या दुकानावर चालला.

१९५५ मध्ये भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. घाटावरून येणारी डाळ, मिरची, कांदे बंद झाले, आगगाडीची वाहतूक थांबली. हॉलंडचे बटाटे जहाजाने मुरगाव बंदरात उतरू लागले, हे माझ्या पिढीतील पुष्कळांना आठवत असेल. अशा टंचाईत भाव वाढवणे सोपे होते. बाबांनी खरेदीवर नेहमीचाच नफा धरला आणि घरातील माणसे मोजून प्रत्येक गिऱ्हाइकाला माल दिला. जुनी मंडळी आजही याचा उल्लेख करतात, तेव्हा ऊर भरून येतो.

परंतु या सचोटीची किंमत कोणी दिली, हे मला फार उशिरा उमगले. माल घटला, नफा तोच राहिला. दुकानातील गड्याला पगार देणे अशक्य झाले. तेव्हा तेरा वर्षांच्या अक्काला शाळेतून काढून गल्ल्यावर बसवण्यात आले. मी मात्र शाळेत जातच राहिलो. पोर्तुगीज रुपयाचा हिशोब तिने ठेवला. १९५९ मध्ये एस्कुद आले, तेव्हा एका रुपयाचे सहा या दराने साऱ्या उधाऱ्या तिनेच बदलून लिहिल्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर भारतीय रुपयात खतावणी पुन्हा मांडली, तीही तिनेच. पुढे गावोगावी सरकारी मराठी शाळा निघाल्या, शिक्षिकांची निकड भासू लागली. अक्काच्या मनात अर्ज करावयाचे होते. पण शिक्षण अपुरे, म्हणून तो अर्ज लिहिलाच गेला नाही.

शेवटच्या दुखण्यात एके रात्री बाबांनी मला जवळ बसवले व म्हणाले, “बाजारातले सर्वांचे देणे फेडले. अक्काचे तेवढे राहिले. तिची शाळा मी उधार घेतली.” हे त्यांनी तिला कधी सांगितले नाही. संकोचामुळे मीही सांगितले नाही. आज ती येथे समोर बसली आहे. अक्का, बाबांचा निरोप तुला पोचवायला मला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. मला क्षमा कर.

ते मुद्दल फेडणे आता कोणाच्याच हाती नाही. म्हणून आम्ही कुटुंबीयांनी यथाशक्ति एक ठेव देवस्थानाकडे सुपूर्द केली आहे. तिच्या व्याजातून गरजू मुलींच्या पुस्तकांचा व शुल्काचा खर्च व्हावा, अशी आमची इच्छा आहे. समितीला आणखी एक नम्र विनंती: खोलीवरील फलकावर बाबांच्या नावाखाली अक्काचेही नाव घालावे. दुकान दोघांनी चालवले; पाटीवर मात्र नाव एकाचेच होते.

हे मागणे बाबांनाही मान्य झाले असते, असा मला विश्वास वाटतो. श्रींच्या चरणी सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.