पस्तीसला एक: रूलेटचा हिशेब



उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की न्यू जर्सीतल्या आपल्या घरांमध्ये सहलींची एक ठरलेली यादी निघते. नायगारा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, आणि मग एक दिवस अटलांटिक सिटी. समुद्र बघायचा, बोर्डवॉकवर फिरायचं, आणि ऊन फार झालं की "जरा एसीत बसू" म्हणून कॅसिनोत शिरायचं. आपल्यातले बरेच जण असेच आत गेलेत. मीही. आज त्या आतल्या एकाच टेबलाबद्दल बोलतो: रूलेट.

माझी आई सहकारी बँकेत कॅशियर होती. बाबा, बायको आणि मुलगा बाहेर बोर्डवॉकवर थांबले होते, कारण एकवीस वर्षांखालच्यांना आत खेळायच्या जागी थांबू देत नाहीत. आई आणि मी रूलेटच्या टेबलापाशी उभे राहिलो. ती पाच-सात मिनिटं नुसती बघत होती. मग म्हणाली, "अरे, आकडे किती आहेत?"

म्हटलं, "एक ते छत्तीस."

"आणि ती हिरवी घरं?"

"शून्य आणि दुहेरी शून्य."

"म्हणजे अडतीस. आणि आपला आकडा लागला तर देतात किती?"

"एकाला पस्तीस."

"आपला एक परत धरून छत्तीस?"

"हो."

"मग दोन कुठे गेले?"

मंडळी, मी एमबीए करताना प्रॉबॅबिलिटीचा आख्खा पेपर दिलाय, पण रूलेट इतक्या कमी शब्दांत मला कुणी समजावलं नव्हतं. समजा, तुम्ही अडतीसच्या अडतीस घरांवर एकेक डॉलर ठेवलात. एक आकडा येणारच. टेबलावर ठेवले ३८, हातात परत आले ३६. ते दोन डॉलर म्हणजे कॅसिनोचा वाटा, ज्याला हाउस एज म्हणतात. ३८ मध्ये २, म्हणजे ५.२६ टक्के. चाकात लबाडी करायची कॅसिनोला गरजच नाही.

आता बाकीच्या बेट्स. आकड्यांचा तो हिरवा तक्ता पाहिला की पाठ कसं करायचं असं वाटतं. पाठ करू नका. तुमची चिप किती आकड्यांवर आहे ते मोजा, ३६ ला त्याने भागा आणि एक वजा करा. दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर चिप ठेवली तर ३६ भागिले २ म्हणजे १८, वजा एक, १७. एकाला १७ मिळतात. तीन आकड्यांच्या ओळीला ११. चार आकड्यांच्या मधल्या कोपऱ्यावर ८. सहा आकड्यांना ५. बारा आकड्यांचा गट किंवा उभा रकाना असेल तर २. आणि लाल-काळा, सम-विषम, १ ते १८ किंवा १९ ते ३६, ह्यांत अठरा-अठरा आकडे येतात म्हणून एकाला एक. तुमची मूळ चिप ह्याशिवाय परत मिळते.

बघा, भागताना नेहमी ३६ च घेतले. चाकावर मात्र घरं ३८. म्हणून कुठेही ठेवा, वाटा तोच ५.२६ टक्के. एका आकड्यावर लावणारा धाडसी आणि लाल-काळ्यावर लावणारा सावध, असं आपल्याला वाटतं. पण शंभर डॉलर लावल्यावर सरासरीने दोघांचेही सव्वापाच जातात. फरक इतकाच, की एकाचे टेकाटेकाने जातात आणि दुसऱ्याचे सपाटीवरून.

ह्याला एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवा. शून्य, दुहेरी शून्य, १, २ आणि ३ ह्या पाच आकड्यांवर एक बेट असते. ३६ भागिले ५ म्हणजे ७.२, वजा एक ६.२. ते पॉइंट दोन कॅसिनो गिळतो आणि ६ च देतो. वाटा एकदम ७.८९ टक्क्यांवर जातो. टेबलावरची ही सगळ्यात वाईट बेट.

माझा एक मित्र पस्तीस आकड्यांवर एकेक डॉलर ठेवायचा आणि तीनच आकडे सोडायचा. "जवळजवळ दर वेळी जिंकतो," म्हणायचा. खरं होतं ते. ३८ पैकी ३५ वेळा त्याला एक डॉलर मिळायचा. उरलेल्या तीन वेळा एका फटक्यात पस्तीस जायचे. बेरीज करा: पस्तीस मिळाले आणि एकशेपाच गेले.

बसण्याआधी चाकाकडे नीट बघा. युरोपात एकाच शून्याचं चाक सर्रास असतं, तिथे वाटा २.७० टक्के. इथेही काही ठिकाणी ते असतं, पण बहुधा कमीत कमी बेट मोठी असते. मग टक्के कमी आणि डॉलर जास्त जातात. लास व्हेगासच्या स्ट्रिपवर तर आता तीन शून्यांची चाकं आली आहेत. घरं ३९ झाली, पेआउट मात्र पस्तीसच. वाटा ७.६९ टक्के. आपल्या न्यू जर्सीत एक बरा नियम आहे: दुहेरी शून्याच्या चाकावर लाल-काळा, सम-विषम अशा एकास-एक बेट्स लावल्या आणि शून्य किंवा दुहेरी शून्य आलं, तर अर्धीच रक्कम जाते. त्या बेट्सवर वाटा निम्मा, २.६३ टक्के होतो. बारांच्या गटाला किंवा रकान्याला ही सवलत नाही.

आता माझी गोष्ट. त्याच वर्षी वसंतात मी कामाच्या कॉन्फरन्ससाठी व्हेगासला गेलो होतो. हरलं की दुप्पट लावायचं, जिंकलं की पहिल्या रकमेवर परत यायचं, ही मार्टिंगेल नावाची जुनी पद्धत. १० डॉलर लालवर. हरलो तर २०, मग ४०, ८०. कधीतरी लाल येणारच, आणि आला की मागचं सगळं वसूल होऊन वर १० सुटतात. मी विमानात एक्सेल शीट केली होती. शीटमध्ये मी कायम जिंकत होतो, कारण त्या शीटमध्ये माझ्याकडे पैसे अमर्याद होते.

दोन रात्री मस्त गेल्या. २३० डॉलर वर होतो. तिसऱ्या रात्री सहा वेळा ओळीने हरलो. १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, मिळून ६३०. पुढची बेट ६४० ची, आणि खिशात १०० उरलेले. मी उठून मशीनवर गेलो आणि क्रेडिट कार्डावर ६०० काढले. त्याची फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून. परत येईपर्यंत चाक दोनदा फिरून गेलं होतं, आणि त्यात एकदा लाल येऊन गेला होता. तरी मी "आता लाल यायलाच हवा" म्हणून ६४० ठेवले. काळा आला. एकूण १,२७०. पुढची बेट १,२८० ची, आणि टेबलावरची पाटी सांगत होती: कमाल १,०००.

ओळीने सात वेळा हरणं दुर्मीळ वाटतं ना? तिथल्या चाकावर दर ८९ प्रयत्नांत सरासरी एकदा ते होतं. ८८ वेळा दहा-दहा, म्हणजे ८८० कमवायचे आणि एकदा १,२७० घालवायचे. हा हिशेब मी घरी आल्यावर केला.

मागे काय आलं ते चेंडूला आठवत नाही. मोंटे कार्लोला १८ ऑगस्ट १९१३ रोजी ओळीने सव्वीस वेळा काळा आला आणि लोक लालवर पैसे ओतत राहिले. टेबलाशेजारी आधीचे आकडे दाखवणारा तो चमकता बोर्ड कॅसिनो फुकट का लावतो, ह्याचा विचार करा.

आणखी एक. हे टक्के तुम्ही खिशात घेऊन गेलेल्या पैशांवर लागत नाहीत, लावलेल्या प्रत्येक बेटवर लागतात. टेबलावर तासाला चाळीस वेळा चाक फिरतं असं धरू. १० डॉलरची बेट, म्हणजे तासाला ४०० डॉलर लावले, सरासरी २१ गेले. सहल म्हणून ठीक आहे. पण न्यू जर्सीत २०१३ पासून हेच चाक कायदेशीरपणे फोनवरही फिरतं. तिथे डीलरने चिप्स गोळा करेपर्यंत थांबायचं नसतं. तासाला तीनशे वेळा फिरवलं तर त्याच दहा डॉलरच्या बेटने १५८ जातात, आणि ते घरातल्या कुणाला दिसतही नाहीत. अंथरुणात, पाठ करून, आवाज बंद. आपल्याकडे स्वतंत्र राहणारी मुलं आहेत, रात्रीच्या शिफ्टला एकटे असणारे मित्र आहेत. कुणी अडकलं असेल असं वाटलं तर १-८००-४२६-२५३७ ही हेल्पलाइन आहे. इंग्रजीत १-८००-गॅम्बलर म्हणतात, तोच नंबर. घरच्यांनी फोन केला तरी चालतो. स्वतःचं नाव कॅसिनोच्या बंदी यादीत घालून घ्यायचीही सोय राज्याने ठेवली आहे.

आईला मी त्या टेबलापाशीच व्हेगासचं सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कार्डाचं बिल माझ्याच ईमेलवर यायचं. वाटलं, आता आई रकमेवरून बोलेल. तिने विचारलं, "घरात सांगितलंस?"

म्हटलं, "नाही."

"तीन महिने झाले की रे."

मग आम्ही बाहेर आलो. मुलगा आइस्क्रीम खात होता, बाबा आणि बायको बाकावर बसले होते. परतीच्या वाटेवर पार्कवेला गाडी लागली, मुलगा मागे झोपला, तेव्हा मी बायकोला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने रक्कम विचारली, मग फी विचारली, मग व्याज. आई मागच्या सीटवर जागी होती, पण एडिसन येईपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत.