पगाराचा दिवस आणि दोन पिढ्या



आजचा विषय निघाला की आमच्या वयाच्या मंडळींचे एक वाक्य ठरलेले असते : "हल्लीच्या पोरांच्या हातात पैसा टिकत नाही." कारखान्यांच्या फाटकांवर भाषणे करताना हे वाक्य आम्हीही पुष्कळदा वापरले, आणि टाळ्या घेतल्या. टाळ्या अर्थात पिकल्या केसांच्या असत. आज ते वाक्य परत घेण्यासाठी आम्ही उभे आहोत.

१९९० च्या सुमारास आम्ही भोसरीच्या बाजूला कामाला लागलो. शाळा दहावीलाच सुटली होती. पुढचे शिक्षण पगाराच्या चिठ्ठीवर झाले. त्या चिठ्ठीत मिळकतीपेक्षा कपातीचा रकाना लांब असे. फंड, पतपेढीची वर्गणी, कर्जाचा हप्ता, विमा, कँटीन. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याने जो पैसा कापला जाई, तो आमच्या हाती कधी आलाच नाही. हाती न आलेला पैसा आम्ही उधळला नाही, आणि याला आजवर काटकसर म्हणत आलो! उरलेले पाकीट घरी जाई. त्यातून कारभारीण वाण्याची उधारी भागवी आणि भिशीचे पैसे बाजूला काढी. बचत आमच्या स्वभावात नव्हती, ती हजेरीपटात होती.

आता चाकणचा मुलगा पाहा. तो कंत्राटदाराच्या हजेरीवर. सात-आठ महिने झाले की ब्रेक, मग दुसरा कंत्राटदार. त्याचाही फंड कापतात. पण काम सुटले की तो फंड काढून खातो, कारण खोलीचे भाडे ब्रेक घेत नाही. कामगारांची पतपेढी त्याला सभासद करून घेत नाही, कारण तो कायम नाही. ज्याला पतपेढी दारात उभे करीत नाही, त्याला मोबाइलच्या दुकानात बसलेला फायनान्सवाला खुर्ची देतो. जामीन मागत नाही, पाव तासात हप्ते बांधून देतो. आणि मोबाइल ही आता चैन राहिलेली नाही; उद्या कामावर यायचे की नाही, हा निरोपच त्यावर येतो.

दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आमच्याकडे आला. मोटारसायकलचे तीन हप्ते थकले होते. आम्ही त्याला पाऊण तास काटकसर शिकवली. त्याने मुकाट्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, दुसरी पाळी रात्री साडेबाराला सुटते. खोली अकरा किलोमीटरवर. बस कुठली पकडू?" उत्तर आमच्यापाशी नव्हते. आमच्या वेळी कंपनीची गाडी नाक्यापर्यंत येई. ती आम्ही करारात भांडून मिळवली होती. पुढच्या करारात कंत्राटी मुलांसाठी ती मागायची राहून गेली. राहून गेली म्हणजे आम्ही सोडून दिली; खरे ते बोलले पाहिजे. त्या मुलाची गाडी नंतर वसुलीवाले उचलून घेऊन गेले, आणि गाडीमागे कामही गेले.

आमच्या पिढीच्या खर्चाची गोष्ट फारशी कोणी काढीत नाही. फंडातून उचल काढून आम्ही लेकीबाळींच्या लग्नात गावजेवणे घातली. पतपेढीच्या कर्जावर गावाकडे स्लॅबची घरे बांधली. त्यांची कुलुपे वर्षातून आठ दिवस उघडतात. त्याला कोणी उधळपट्टी म्हटले नाही, कारण ते चार लोकांत शोभून दिसत होते.

एका बाबतीत मात्र तरुणांशी आमचे भांडण आहे. २०१६ नंतर पैसा मोबाइलवरून येऊ-जाऊ लागला. पूर्वी पाकीट घरात सर्वांसमोर फुटे. (काहींचे गुत्त्यावरच फुटे, हेही आम्हांस ठाऊक आहे.) आता पगार किती आणि कर्ज किती, हे आईला किंवा बायकोला कळत नाही. कळते ते वसुलीवाल्याचा फोन आल्यावर. महिन्यातून एकदा तो मोबाइल घरच्यांपुढे उघडावा, एवढे आम्ही प्रत्येक पोराला सांगतो. निम्मे हसतात.

पतपेढीच्या पोटनियमांत बदल करून कंत्राटी कामगारांना सभासदत्व द्यावे, असा ठराव आम्ही गेल्या वार्षिक सभेत मांडला होता. तो पडला. विरोधात हात वर करणारे बहुतेक आमच्याच वयाचे, आमच्याच बरोबर संपात बसलेले. त्यांतले काही जण आज येथे पुढच्या रांगेत आहेत. यंदाही तो ठराव आम्ही मांडणार आहोत.