मूठ आणि पात्यामधली आडपट्टी

हाताने घडवलेल्या शिकारी सुरीत मूठ संपते आणि पातं सुरू होतं, तिथे बऱ्याचदा धातूची एक आडपट्टी असते. कारागीर तिला गार्ड म्हणतात. जोर लावताना ओला हात धारेवर सरकू नये, एवढंच तिचं मूळ काम. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी बोवी सुरीला ती बहुधा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली असे. ती सुरी मारामारीचीही होती ना! पुढे बॉब लव्हलेस या अमेरिकी कारागिराच्या शिकारी सुऱ्यांवर फक्त बोटाच्या बाजूला छोटंसं टोक दिसतं. कातडं सोलायला तेवढं पुरतं. फिनलंडच्या पारंपरिक पुक्को सुरीला तर सहसा गार्डच नसतो. लाकूड तासताना तो मध्ये येतो.

नवशिक्याचा गार्ड हमखास बोजड होतो. चार इंची पात्याला पाच-सहा मिलिमीटर जाडी पुष्कळ झाली. पितळ पोलादापेक्षा जड, त्यामुळे पितळी गार्ड वाढवला की सुरीचा तोल मुठीकडे झुकतो. म्हणून आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून पात्याला लावून बघा. मोठा वाटला, तर तो मोठाच आहे.

खरी कसोटी गार्डमधल्या खाचेची. मुठीत जाणाऱ्या पोलादी शेपटीपेक्षा ती किंचित अरुंद कोरा आणि बारीक कानशीने सावकाश वाढवा. फट राहिली, की पाणी शिरतं आणि गंज धरतो. गार्डचा पुढचा चेहरा मात्र पक्का बसवण्याआधीच घासून चकचकीत करा. नंतर पात्याला ओरखडे न पाडता तिथे हात पोचत नाही.