नव्या उभयचर गाडीचे पहिले तास



२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांच्या अजून लक्षात आहे. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. आपत्ती प्रतिसाद दलं, अग्निशमन दल, कामठीहून आलेले लष्कराचे जवान गल्लीबोळांतून माणसं काढत होते. शहरातल्या पुराची अडचण अशी, की पाणी एका कोपऱ्यावर गुडघाभर असतं आणि पुढच्या वळणावर पुरुषभर. गुडघाभर पाण्यात बोटीचा पंखा रस्त्याला घासतो आणि पुरुषभर पाण्यात जीप बुडते. म्हणूनच जमिनीवर चालणारी आणि पाण्यावर तरंगणारी उभयचर गाडी मला फार मोलाची वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबातल्या पुरात लष्कराने अशाच ‘एटोर’ गाड्या उतरवल्या होत्या. त्यांची चाकं माणसाच्या उंचीची असतात.

आज मी बोलणार आहे ते सहा किंवा आठ चाकांच्या लहान गाडीबद्दल. एखादं बचाव पथक, मत्स्यसंस्था किंवा जलाशयाकाठचा शेतकरी ती घेऊ शकतो. अशी गाडी आली की तिला आच्छादन घालून पुराची वाट पाहत ठेवू नका. तिचे पहिले तास मृगाच्या आत, कोरड्या जमिनीवर पूर्ण झाले पाहिजेत. नागपुरातल्या आमच्या प्रतापनगराच्या एका अंगाला अंबाझरी, दुसऱ्या अंगाला सोनेगावचा तलाव, त्यामुळे तलाव जवळच आहे म्हणून गाडी आधी पाण्यातच घालावी असं कुणालाही वाटेल. तसं करू नका.

चावी फिरवण्याआधी खाली वाका. गाडीच्या तळाला पाणी काढून टाकायची बुचं असतात, ती घट्ट आहेत का ते हाताने चाचपून पाहा. मग इंजिन ऑइल, कूलंट, एअर फिल्टर. टायरची हवा मात्र नेहमीच्या सवयीने भरू नका. मोटारीत आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, या फुगीर टायरांत काही वेळा तीन-चार पौंडच लागते. पुस्तिकेतला आकडा पाहा आणि कमी दाब दाखवणारा गेज वापरा. पेट्रोल पंपावरच्या नळीने हवा भरणं धोक्याचं आहे.

हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. इंजेक्शनचं इंजिन असेल तर चावी दिल्यावर इंधन-पंपाची घरघर थांबू द्या, मगच सेल्फ मारा. पाच-सात सेकंदांत इंजिन लागलं नाही तर सोडा, थोडा वेळ थांबा, पुन्हा मारा. सेल्फ दाबून धरला तर मोटर जळते आणि बॅटरी उतरते. इंजिन लागल्यावर दोन-तीन मिनिटं शांत चालू द्या, रेस करू नका. आणि तासभर उभ्या उभ्याही चालू ठेवू नका, त्याने नव्या इंजिनाचं भलं होत नाही.

आता गिअर. बहुतेक अशा गाड्यांत क्लचचं पायडल नसतं. दोन पुली आणि मध्ये एक रुंद बेल्ट असतो. इंजिन संथ असताना पहिली पुली उघडी असते, बेल्ट सैल राहतो. रेस दिली की पुली मिटते, बेल्टला पकडते आणि चाकं फिरतात. म्हणून हाय, लो, रिव्हर्स, काहीही टाकायचं असो, गाडी पूर्ण थांबलेली आणि इंजिन अगदी संथ हवं. गिअर पडत नसेल तर दांडा रेटू नका. ब्रेक किंचित सोडा, गाडी मागेपुढे हलू द्या, दाते आपोआप जुळतात. चिखल, चढ, पाण्यात उतरणं आणि बाहेर निघणं, हे सगळं ‘लो’मध्ये. ‘हाय’मध्ये चिखलातून रेटली की बेल्ट घसरतो, तापतो आणि जळका वास येतो.

या गाडीची पुढची चाकं वळत नाहीत. वळताना एका बाजूची चाकं रोखली जातात आणि दुसऱ्या बाजूची ओढतात. सिमेंटच्या रस्त्यावर जागच्या जागी वळवली तर चाकं फिरवणारी चेन आणि टायर, दोन्हींवर ताण येतो. सराव मातीच्या मैदानावर करा. तिथपर्यंत ती ट्रॉलीवरून न्या. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नसते.

पहिल्या तासांचं हे रनिंग-इन म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो. नव्या सिलिंडरच्या आत बारीक तिरप्या रेघा मुद्दाम काढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासून नीट बसल्या, की इंजिन पूर्ण दाब धरतं आणि तेल खात नाही. त्यासाठी वेग कमी-जास्त करत राहावा लागतो. एकाच वेगाने सरळ चालवू नका, पूर्ण रेस देऊ नका, ट्रॉली ओढू नका, माणसं भरू नका. अर्ध्या रेसच्या आत, मध्ये थांबत, इंजिन निवू देत. किती तास, ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं आणि तेच प्रमाण माना. आपल्याकडचा मे महिना पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, म्हणून हे काम पहाटे करा. नवा बेल्ट आणि नवे ब्रेकही याच काळात बसतात, तेव्हा हलके ब्रेक पुन्हा पुन्हा लावा.

ते तास पूर्ण झाले की पहिलं ऑइल न चुकता बदला. त्यात धातूची बारीक पूड उतरलेली असते. फिल्टरही नवा टाका. चेन या काळात सैल पडतात, त्या ताणून घ्या आणि सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळा.

मग पाणी. परवानगी असलेला, स्थिर पाण्याचा, उताराचा काठ निवडा. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, काठावर दोर धरून दोघेजण, आणि वजन दोन्ही बाजूंना सारखं. तळातलं पाणी उपसणारा पंप आधी चालवून पाहा. सरळ, हळू उतरा. तरंगताना टायरच्या खाचाच वल्ह्याचं काम करतात, त्यामुळे वेग माणसाच्या चालीइतकाच असतो. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं ऐकतो. तिथल्या धारेत ही गाडी घालणं म्हणजे ती वाहून जाऊ देणं. ती साचलेल्या, संथ पाण्यासाठी आहे. जलपर्णीतही शिरू नका, तिची मुळं आसाला गुंडाळतात.

बाहेर आल्यावर बुचं काढून पाणी निथळू द्या. ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवा म्हणजे ते सुकतील. बेल्टच्या डब्यात पाणी गेलं असेल तर तो उघडून वाळवा. बेअरिंगला ग्रीस मारा. गाडी आत लावण्याआधी बुचं परत बसवा, आणि ती बसवल्याची नोंद, चालवल्याच्या तासांसह, वहीत करून त्याखाली ज्याने बसवली त्याची सही घ्या.