ऐकलं तेवढंच लिहायचं



आज काही मोठा विषय घेऊन बसलेलो नाही. मागच्या आठवड्यात कपाट आवरताना शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात एक कार्ड सापडलं, त्याच्याबद्दल बोलणार आहे. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना ही गोष्ट आपली वाटेल. ज्यांच्या घरी नव्हता त्यांनीही ऐका, कारण शेवटी मुद्दा रेडिओचा नाहीच आहे.

मी इंदूरचा. आमचं एकत्र कुटुंब, वाड्यात दोन खोल्या. माझे काका तिथल्या एका कापड गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. लग्न केलं नाही, सिनेमा नाही, पत्ते नाहीत. एकच नाद, रेडिओ. व्हॉल्व्हचा मोठा मर्फी सेट होता. बटण दाबल्यावर तो तापायला वेळ घ्यायचा, मग हळूहळू हिरवा डोळा उजळायचा. भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल. त्या काळी रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं, आणि ते पुस्तक काका रेशनकार्डाच्या शेजारी ठेवायचे.

घरातले बाकीचे बुधवारी रात्री आठला रेडिओसमोर बसायचे, बिनाका गीतमाला ऐकायला. काकांची वेळ दहानंतरची. सगळे झोपले की ते शॉर्टवेव्ह लावायचे. शॉर्टवेव्हची लहर वर जाते, आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परत फिरते आणि हजारो किलोमीटर लांब खाली उतरते. रात्री ४१ आणि ४९ मीटरच्या पट्ट्यावर लांबलांबची स्टेशनं लागायची. मॉस्को, लंडन, कलोन, टोकियो.

नुसतं ऐकून काका थांबत नसत. त्या स्टेशनला ते पत्र लिहायचे. तुमचा कार्यक्रम अमुक तारखेला, अमुक वेळेला, अमुक फ्रिक्वेन्सीवर मला इंदुरात असा असा ऐकू आला. वेळ ग्रीनिच प्रमाणे, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. पुढे पाच आकडे. त्याला ‘सिन्पो’ म्हणतात. पहिला आकडा आवाजाच्या जोराचा, दुसरा शेजारच्या स्टेशनच्या घुसखोरीचा, तिसरा खरखरीचा, चौथा आवाज येण्याजाण्याचा, पाचवा एकूण. प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे उत्तम. आणि त्याखाली कार्यक्रमात काय ऐकलं त्याचा तपशील. तो ताडून पाहून स्टेशनवाले एक छापील कार्ड पाठवायचे. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. थोडक्यात, होय बाबा, तू आम्हालाच ऐकलंस.

मी नववीत होतो. मलाही कार्ड हवं होतं. एका रात्री टोकियो लावलं, थोडा वेळ ऐकलं आणि पत्र लिहून टाकलं. कार्यक्रम फार छान, आवाज एकदम स्पष्ट, पाच-पाच-पाच-पाच-पाच! काकांनी वाचलं आणि विचारलं, ‘‘बातम्यांत दुसरी बातमी कसली होती?’’

मला सांगता येईना.

त्यांनी कागद शांतपणे फाडला. म्हणाले, ‘‘अरे, त्यांना कौतुक नकोय. आपला आवाज पोचतो की नाही, ते त्यांना कळायला हवंय. ऐकलं तेवढंच लिहायचं. जिथे नाही ऐकू आलं तिथे रेघ ओढायची.’’

दुसऱ्या रात्री मी पुन्हा बसलो. कान लावून वीस मिनिटं. मध्येच शिट्टी यायची, आवाज बुडायचा, वर यायचा. पत्रात चार ठिकाणी रेघा ओढल्या आणि आकडे लिहिले तीन-दोन-तीन-दोन-दोन. अडीच महिन्यांनी कार्ड आलं. तेच हे, भूगोलाच्या पुस्तकातलं.

काकांकडे अशी चारशेच्या वर कार्डं होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, देशवार लावलेली.

पुढे सगळ्यांचं होतं तेच झालं. मी नोकरीसाठी बडोद्याला गेलो, संसार झाला. वाडा रिकामा होत गेला. काका दर रविवारी सकाळी फोन करायचे. मी फोन खांद्यावर धरून पेपर चाळायचो, नंतर नंतर लॅपटॉप उघडलेला असायचा. ‘‘हो काका... हं... बघू... चालेल.’’

एका दिवाळीला इंदूरला गेलो. वाडा विकायचं ठरलं होतं, सामान हलवायचं होतं. मी विचारलं, ‘‘काका, कार्डांचे डबे कुठे आहेत?’’

ते म्हणाले, ‘‘रद्दीत दिले की रे. तुला विचारलं होतं ना. तू चालेल म्हणालास.’’

रागावले नव्हते. त्यांना खरंच वाटलं होतं की मी ऐकलं आणि विचार करून सांगितलं. मला तो फोन आठवतसुद्धा नव्हता. काकांचा आवाज स्वच्छ येत होता मंडळी, खरखर माझ्या बाजूला होती. आणि मी त्यांना ‘चालेल’ म्हणून पाचपैकी पाच लिहून दिले होते.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे मी त्यांच्याशी नीट बोललो नाही, ते राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, तीच आज तुम्हाला सांगायची होती. घरच्या माणसाचा फोन झाला की एका वहीत तारीख, वेळ आणि समोरचा काय बोलला ते एका ओळीत लिहायचं. आपण काय बोललो ते नाही, तो काय बोलला ते. कधी कधी काहीच आठवत नाही. मग रेघ ओढायची आणि परत फोन करायचा, ‘‘मगाशी माझं लक्ष नव्हतं, पुन्हा सांग.’’ पहिल्यांदा लाज वाटते. पण समोरच्याला राग येत नाही, उलट बरं वाटतं, हा माझा अनुभव आहे.

दुसरं छोटंसं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी काही जपून ठेवलं असेल, तर त्याचं काय करायचं हे फोनवर ठरवू नका. डबा समोर उघडा, शेजारी बसा, एकेक वस्तू हातात घ्या.

शॉर्टवेव्हवरची स्टेशनं आता कमी झालीत. बीबीसीची हिंदी रेडिओ सेवाही २०२० साली बंद झाली. पण हा नाद संपलेला नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा एक रिसीव्हर इंटरनेटवरून कुणालाही फिरवता येतो. रात्री मी कधी कधी तो लावतो. शिट्ट्या, खरखर, मधूनच कुठल्या तरी भाषेतला एक माणूस. वीस मिनिटं गप्प बसून ऐकतो. कानाला वळण राहतं.

आज एवढंच. आज रात्री घरातलं कुणी बोलायला आलं, तर मोबाइल पालथा ठेवा आणि त्यांचं दुसरं वाक्य काय होतं ते लक्षात ठेवून बघा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.